१९५२ साली कॉम्प्युटरनं प्रेमपत्रं लिहिली होती, त्यामागे एक शाळामास्तर होता

आज चॅटबॉटला सांगितलं की "बायको रुसलीये, एक छानसं पत्र लिहून दे", की पाच सेकंदांत पत्र तयार. आपण तोंडात बोट घालतो आणि म्हणतो, काय जमाना आलाय!

पण हा उद्योग वाटतो तेवढा नवा नाही. इंग्लंडमधल्या मँचेस्टर विद्यापीठातल्या कॉम्प्युटरनं १९५२ साली प्रेमपत्रं टाईप करून दाखवली होती. पत्राच्या सुरुवातीला लाडीगोडीचं संबोधन, मध्ये चार-पाच व्याकूळ वाक्यं आणि खाली सही. सही कुणाची? तर "एम.यू.सी." म्हणजे मँचेस्टर युनिव्हर्सिटी कॉम्प्युटर.

ज्यांनी हे मशीनकडून करून घेतलं त्यांचं नाव ख्रिस्तोफर स्ट्रेची. ॲलन ट्युरिंग यांच्यावर सिनेमा आला, त्यांचा फोटो ब्रिटनच्या ५० पाउंडांच्या नोटेवर आला. स्ट्रेची यांचं नाव मात्र इंजिनिअरिंग केलेल्या बऱ्याच जणांनाही माहीत नसतं. गंमत म्हणजे तुमच्या हातातल्या मोबाईलमध्ये जे सॉफ्टवेअर चालतंय, त्याच्या खापरपणजोबांमध्ये या माणसाचा नंबर लागतो.

घर मोठं, पण पोराचं काही जमेना

स्ट्रेची यांचा जन्म १६ नोव्हेंबर १९१६ रोजी लंडनमध्ये झाला. घराणं नावाजलेलं. आजोबा सर रिचर्ड स्ट्रेची ब्रिटिश काळातल्या भारतात मोठ्या हुद्द्यावर होते. वडील ऑलिव्हर स्ट्रेची यांनी काही वर्षं आपल्याकडच्या ईस्ट इंडियन रेल्वेत नोकरी केली आणि पुढे दोन्ही महायुद्धांत शत्रूचे सांकेतिक संदेश फोडण्याचं काम केलं. आई रे स्ट्रेची ब्रिटनमध्ये महिलांना मतदानाचा हक्क मिळावा म्हणून लढणाऱ्यांपैकी एक. काका लिटन स्ट्रेची प्रसिद्ध लेखक.

अशा घरातल्या मुलाकडून अपेक्षा किती असणार, विचार करा. १९३५ मध्ये ते केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात गेले. तिथे ट्युरिंग यांची आणि त्यांची ओळख झाली. पण तिसऱ्या वर्षी त्यांचं मानसिक स्वास्थ्य पार कोलमडलं. शिक्षण मध्येच थांबलं. परत येऊन पदवी घेतली, पण वर्ग इतका साधारण मिळाला की संशोधनाची वाट बंद झाली.

मग नोकरी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात एका टेलिफोन कंपनीत त्यांनी रडारसाठी लागणाऱ्या व्हॉल्व्हची आकडेमोड केली. युद्ध संपल्यावर ते शाळेत शिकवायला लागले. आधी कँटरबरीच्या सेंट एडमंड्स शाळेत आणि १९४९ पासून हॅरोमध्ये. हे तेच हॅरो, जिथे जवाहरलाल नेहरू शिकले होते.

म्हणजे वयाची चौतिशी आली तरी या माणसाच्या नावावर ना संशोधन, ना शोधनिबंध. होती ती फक्त मास्तरकी.

सुट्टीत लागलेला नाद

जानेवारी १९५१ मध्ये एका ओळखीच्या माणसामार्फत स्ट्रेची यांची भेट माइक वुडगर यांच्याशी झाली. वुडगर लंडनजवळच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत काम करायचे. तिथे "पायलट एस" नावाचा कॉम्प्युटर होता आणि त्याचा मूळ आराखडा ट्युरिंग यांचा होता. स्ट्रेची यांनी ते मशीन पाहिलं आणि त्यांना नाद लागला.

त्या काळी कॉम्प्युटर कशासाठी वापरायचे? आकडेमोडीसाठी. विमानाच्या पंखावरचा दाब, तोफगोळ्याचा मार्ग, मोठमोठी समीकरणं. नावच "गणन करणारं यंत्र". स्ट्रेची यांच्या डोक्यात मात्र वेगळंच आलं. हे मशीन ड्राफ्ट्स खेळू शकेल का? ड्राफ्ट्स हा पटावर सोंगट्या सरकवून खेळायचा खेळ, अमेरिकेत त्यालाच चेकर्स म्हणतात.

शाळा सांभाळून त्यांनी प्रोग्राम लिहिला. ३० जुलै १९५१ ला तो पायलट एसवर चालवून पाहिला. चुका निघाल्या, शिवाय मशीनची मेमरीच पुरेना. मग त्यांनी मोर्चा वळवला मँचेस्टरकडे. तिथे फेरांटी कंपनीनं बनवलेला "मार्क १" नावाचा मोठा कॉम्प्युटर नुकताच बसवला होता. तो कसा वापरायचा याचं मॅन्युअल लिहिलं होतं ट्युरिंग यांनी. जुनी ओळख कामाला आली. स्ट्रेची यांनी मॅन्युअल मागवून घेतलं आणि शाळेतल्या कामातून वेळ काढून ते वाचून काढलं.

हे मॅन्युअल म्हणजे सोपं प्रकरण नव्हतं. आज आपण प्रोग्राममध्ये निदान "जर", "तर", "छाप" अशा अर्थाचे शब्द लिहितो. मार्क १ ला शब्द कळायचे नाहीत. टेलिप्रिंटरची ३२ चिन्हं होती. प्रत्येक सूचना आणि प्रत्येक आकडा त्या चिन्हांत लिहायचा, तोही उलटा, म्हणजे एकक आधी आणि मोठी स्थानं नंतर. एक चिन्ह चुकलं की सगळं मुसळ केरात.

मशीननं राष्ट्रगीत वाजवलं

ट्युरिंग यांनी स्ट्रेची यांना सुचवलं की आधी एक वेगळा प्रोग्राम लिही. मशीननं स्वतःचीच नक्कल करायची आणि दुसरा प्रोग्राम पायरीपायरीनं तपासायचा. स्ट्रेची यांनी तो लिहिला. साधारण हजार ओळींचा. त्या मशीनवर तोपर्यंत एवढा लांब प्रोग्राम कुणी आणला नव्हता.

स्ट्रेची मँचेस्टरला पोचले. ट्युरिंग यांनी मशीन कसं चालवायचं ते भराभर सांगितलं आणि निघून गेले. शाळामास्तर रात्रभर मशीनपाशी एकटे बसले. सकाळपर्यंत प्रोग्राम चालायला लागला होता. वर शेवटी मशीननं "गॉड सेव्ह द किंग" हे ब्रिटनचं राष्ट्रगीतही वाजवलं. ट्युरिंग कमी बोलणारे. त्यांनी दोन शब्दांत शाबासकी दिली आणि विषय संपवला. पण बातमी लगेच पसरली.

मशीननं गाणं वाजवलं कसं? मार्क १ ला एक लाऊडस्पीकर जोडलेला होता. प्रोग्राम कुठवर आला, कुठे अडकला, हे ऑपरेटरला कळावं म्हणून तो "टक्" असा आवाज काढायचा. एकच टक् म्हणजे नुसता खटका. पण सेकंदाला शेकडो वेळा टक् केलं की आपल्या कानाला तो सलग स्वर ऐकू येतो. दोन टकमधलं अंतर कमी केलं की स्वर चढतो, वाढवलं की उतरतो. बास. हे अंतर बदलत राहायचं आणि सुरावट तयार.

१९५१ मध्येच बीबीसीनं या मशीनच्या गाण्यांचं रेकॉर्डिंग केलं. ती तबकडी टिकून राहिली आणि २०१६ मध्ये न्यूझीलंडच्या संशोधकांनी तिचा बिघडलेला वेग दुरुस्त करून मूळ आवाज पुन्हा ऐकवला. इंटरनेटवर शोधलंत तर आजही ऐकायला मिळेल.

१९५२ च्या उन्हाळ्यापर्यंत ड्राफ्ट्सचा प्रोग्रामही पूर्ण झाला. मशीन अख्खा डाव खेळायचं आणि पट कॉम्प्युटरच्या पडद्यावर ठिपक्यांनी दिसायचा. पडद्यावर खेळल्या गेलेल्या अगदी पहिल्यावहिल्या गेम्समध्ये याची गणना होते. समोरच्यानं सूचना नीट पाळल्या नाहीत तर मशीन टेलिप्रिंटरवर चिडचिड करायचं आणि पुढे पुढे तर सरळ खेळायलाच नकार द्यायचं. हा खट्याळपणा अर्थातच स्ट्रेची यांचा.

आता प्रेमपत्राचं गुपित

मार्क १ मध्ये ट्युरिंग यांच्या आग्रहानं एक खास सोय होती. विजेच्या उपकरणांत जी नैसर्गिक खरखर असते, तिच्यातून हे मशीन यादृच्छिक आकडे काढायचं. म्हणजे फासे टाकल्यासारखे, कुठला येईल ते सांगता येणार नाही असे. स्ट्रेची यांनी याच फाशांवर प्रेमपत्रं लिहून घेतली.

कृती अगदी साधी आहे. समजा मराठीत करायचं झालं, तर वाक्याचा साचा असा ठरवा:

माझं (विशेषण) (नाम) तुझ्या (नाम)साठी (क्रियाविशेषण) (क्रियापद).

आता प्रत्येक रिकाम्या जागेसाठी शब्दांची यादी करा. विशेषणं: व्याकूळ, कोमल, बावरं. नामं: मन, काळीज, हृदय. पुढे सहवास, आठवणी, प्रेम. मग रात्रंदिवस, हळूच, वेड्यासारखं. आणि शेवटी झुरतं, तळमळतं, धडधडतं. आता प्रत्येक जागेसाठी फासा टाका. "माझं बावरं काळीज तुझ्या सहवासासाठी रात्रंदिवस झुरतं." झालं एक वाक्य! पुन्हा फासा टाका, दुसरं वाक्य.

पाच जागा आणि प्रत्येक जागेला फक्त १० शब्द असले, तरी एका वाक्याचे १ लाख प्रकार होतात. अशी पाच वाक्यं जोडली तर पत्रांची संख्या होते एकावर २५ शून्यं. आयुष्यभर रोज पत्रं छापली तरी तेच पत्र पुन्हा येण्याची शक्यता जवळपास शून्य.

स्ट्रेची यांचं एक काम इंग्रजीनं सोपं केलं होतं. इंग्रजीत विशेषण नामाप्रमाणे बदलत नाही. मराठीत "वेडा जीव, वेडी आशा, वेडं मन" असं लिंग सांभाळावं लागतं. म्हणजे मशीनला थोडं व्याकरणही शिकवावं लागलं असतं.

ही पत्रं वाचून हसू यायचं. काही वाक्यं भलतीच गोड, काही पार विचित्र. १९५४ मध्ये स्ट्रेची यांनी एका मासिकात "विचार करणारं यंत्र" या विषयावर लेख लिहिला आणि या पत्रांची सगळी कृती उघड करून सांगितली. त्यांचं म्हणणं असं होतं की साचा किती बाळबोध आहे हा मुद्दाच नाही. इतक्या साध्या साच्यातून इतकी वेगवेगळी पत्रं निघतात, लक्ष द्यायचं ते या गोष्टीकडे.

हे वाक्य आज नीट वाचायला हवं. पत्र वाचणाऱ्याला वाटतं की आत कुणीतरी झुरतंय. आत असतात फक्त याद्या आणि फासे. आजचे चॅटबॉट यापेक्षा हजारो पटींनी गुंतागुंतीचे आहेत आणि त्यांची पद्धतही वेगळी आहे, त्यामुळे दोन्ही एकच असं म्हणता येणार नाही. पण समोर आलेला मजकूर बघून आतल्या यंत्राबद्दल लगेच निष्कर्ष काढू नका, तो कसा तयार झाला ते आधी विचारा, हा धडा स्ट्रेची यांनी सत्तर वर्षांपूर्वी देऊन ठेवलाय.

या पत्रांना एक दुखरी किनारही आहे. ट्युरिंग समलैंगिक होते. स्ट्रेची यांचे अभ्यासक त्यांच्याबद्दलही तेच लिहितात. त्या काळच्या इंग्लंडमध्ये तो गुन्हा होता. ज्या १९५२ साली मशीन प्रेमपत्रं लिहीत होतं, त्याच साली ट्युरिंग यांच्यावर खटला चालला आणि त्यांना हार्मोनची इंजेक्शनं घ्यावी लागली. १९५४ मध्ये ते गेले. ज्यांना स्वतःचं प्रेमपत्र उघडपणे लिहिता आलं नसतं, त्यांच्या प्रयोगशाळेत मशीन बिनधास्त प्रेमपत्रं छापत होतं.

शाळा सुटली

मँचेस्टरच्या कामगिरीचा बोलबाला झाला आणि १९५२ मध्ये स्ट्रेची यांनी मास्तरकी सोडली. नॅशनल रिसर्च डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन या सरकारी संस्थेचे प्रमुख लॉर्ड हॅल्सबरी यांनी त्यांना नोकरी दिली. कामं गंभीर होती. कॅनडात सेंट लॉरेन्स नदीवर जहाजांसाठी मोठा जलमार्ग होणार होता. त्यात पाण्याची पातळी किती चढेल याची किचकट आकडेमोड त्यांनी टोरंटोच्या कॉम्प्युटरकडून करून घेतली. फेरांटीच्या "पेगॅसस" या कॉम्प्युटरच्या रचनेतही त्यांचा वाटा होता. प्रोग्राम लिहिणाऱ्या माणसाला सोपं जावं, हा विचार त्या मशीनमध्ये मुद्दाम केलेला होता.

१९५९ मध्ये पॅरिसला युनेस्कोची परिषद झाली. तिथे स्ट्रेची यांनी "टाईम शेअरिंग"वर निबंध वाचला. मशीन प्रचंड वेगवान आणि माणूस हळू. एक जण विचार करत बसला की लाखमोलाचं मशीन रिकामं पडून राहतं. मग त्या वेळात मशीननं दुसऱ्याचं काम का करू नये? कामं इतक्या झटपट आलटून पालटून करायची की कुणाला थांबल्यासारखं वाटू नये. त्याच सुमारास अमेरिकेत जॉन मॅकार्थीही अशाच कल्पनेवर काम करत होते. आज मोबाईलवर गाणं चालू असताना तुम्ही मेसेज टाईप करता आणि मागे फोटो अपलोड होत असतो, तेव्हा मशीन हेच आलटून पालटून काम करत असतं.

अर्धवट राहिलेल्या भाषेची नातवंडं

१९६० च्या दशकात केंब्रिज आणि लंडन विद्यापीठांनी मिळून एक नवी प्रोग्रामिंग भाषा बनवायला घेतली. नाव सीपीएल. त्यात स्ट्रेची यांचा इतका पुढाकार होता की लोक गमतीनं सीपीएल म्हणजे "ख्रिस्तोफर्स प्रोग्रामिंग लँग्वेज" म्हणायचे.

ही भाषा काळाच्या मानानं फार मोठी ठरली. ती चालवणारं पूर्ण सॉफ्टवेअर वेळेत तयार झालंच नाही. कागदावर बघितलं तर प्रकल्प फसला.

पण मार्टिन रिचर्ड्स या तरुण संशोधकानं तिची छोटी, सुटसुटीत आवृत्ती केली. ती बीसीपीएल. अमेरिकेच्या बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन यांनी तिच्यावरून "बी" ही भाषा केली. आणि त्यांचे सहकारी डेनिस रिची यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बी वरून "सी" घडवली.

हो, तीच सी. आपल्याकडे डिप्लोमा आणि इंजिनिअरिंगच्या कित्येक पिढ्यांनी पहिल्या वर्षाला जिच्यापायी रात्री जागवल्या ती. अँड्रॉइडच्या मुळाशी असलेलं लिनक्स मुख्यतः सी मध्येच लिहिलेलं आहे.

"म्हणजे नक्की काय?" हा प्रश्न

१९६५ मध्ये स्ट्रेची ऑक्सफर्डला गेले आणि तिथे त्यांनी प्रोग्रामिंग रिसर्च ग्रुप सुरू केला. एव्हाना त्यांना वेगळाच प्रश्न छळत होता. आपण प्रोग्राममध्ये जे लिहितो, त्याचा अर्थ नेमका काय असतो?

प्रश्न वेडगळ वाटेल, पण हे बघा: क = क + १. शाळेतल्या गणितात हे सरळ चूक आहे. कुठलीही संख्या स्वतःपेक्षा एकनं मोठी कशी असेल? प्रोग्राममध्ये मात्र हे रोज लिहितात. स्ट्रेची यांनी उलगडा केला तो असा. डावीकडचा "क" म्हणजे डबा आणि उजवीकडचा "क" म्हणजे त्या डब्यात आत्ता जे आहे ते. डब्यातलं काढा, त्यात एक मिळवा, परत त्याच डब्यात ठेवा. एकच अक्षर, दोन जागी दोन अर्थ. कॉम्प्युटर शिकणारी मुलं आजही याला एल-व्हॅल्यू आणि आर-व्हॅल्यू म्हणतात.

दुसरं उदाहरण. मराठीत आपण दिवा लावतो, झाड लावतो, रांग लावतो. शब्द एकच, पण प्रत्येक वेळी कृती वेगळी. याउलट "मोजणे" बघा. आंबे मोजा, माणसं मोजा, नोटा मोजा, कृती तीच राहते. प्रोग्रामिंगमध्येही एकच नाव अनेक प्रकारच्या माहितीवर चालतं. त्याला पॉलिमॉर्फिझम म्हणतात. त्याचे हे दोन प्रकार १९६७ मध्ये स्ट्रेची यांनीच वेगळे करून दाखवले. कोपनहेगनमध्ये दिलेल्या त्या व्याख्यानांच्या नोट्स हातोहात फिरत राहिल्या. त्या रीतसर छापून आल्या थेट २००० साली!

१९६९ मध्ये अमेरिकन तर्कशास्त्रज्ञ डेना स्कॉट ऑक्सफर्डला आले. स्ट्रेची यांच्या मांडणीला गणिताचा भक्कम पाया नव्हता, तो काही आठवड्यांत स्कॉट यांनी घालून दिला. दोघांच्या या पद्धतीनं प्रत्येक प्रोग्रामला गणितातला नेमका अर्थ देता येऊ लागला. याचा फायदा काय? दोन वेगळे दिसणारे प्रोग्राम खरंच एकच काम करतात का, हे अंदाजानं सांगायची गरज उरली नाही, ते सिद्ध करता येऊ लागलं. सॉफ्टवेअर चुकलं तर माणसं मरू शकतात अशा ठिकाणी "चालवून बघितलं, चाललं" एवढं पुरत नाही.

स्ट्रेची यांचं ठाम मत होतं की तात्त्विक काम आणि प्रत्यक्ष काम अशी फाळणी खोटी आहे आणि नुकसान करणारी आहे. मशीनपाशी रात्र काढलेला माणूसच हे बोलू शकतो.

१९७१ मध्ये ते ऑक्सफर्डचे कॉम्प्युटरशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. शिक्षणात साधारण वर्ग मिळवलेल्या माणसाला ५४ व्या वर्षी हे पद मिळालं. पण पुढे फार काळ मिळाला नाही. १८ मे १९७५ रोजी काविळीच्या आजारानं त्यांचं निधन झालं. वय ५८. त्यांनी फार थोडं छापून ठेवलं होतं. त्यांच्या पद्धतीवरची पुस्तकं सहकाऱ्यांनी आणि विद्यार्थ्यांनी नंतर पूर्ण केली.

ऑक्सफर्डमध्ये आज त्यांच्या नावाचं प्राध्यापकपद आहे आणि त्यांच्या नावानं व्याख्यानं होतात. बाकी बाहेरच्या जगात त्यांची आठवण निघते ती बहुतेक त्या प्रेमपत्रांमुळेच.

तुम्हाला हे प्रेमपत्र करून बघायचं असेल तर कॉम्प्युटर लागणार नाही. कागदावर पाच याद्या करा, लुडोचा फासा घ्या आणि प्रत्येक यादीत सहा शब्द ठेवा. पत्र कुणाला पाठवायचं, ते मात्र फासा सांगणार नाही.